आजीची शेवई आणि प्लास्टिक लिमिट

आपल्या मॅगझीनच्या मराठी विभागात दरवर्षी पहिल्या पावसावर किमान चार कविता आणि मेसच्या वरणावर दोन विनोदी लेख ठरलेले असतात. मी मातीवर लिहिणार असं सांगितल्यावर रूममेट म्हणाली, "सॉइल मेकॅनिक्सचं जर्नल छापून देतेस का?" थोडंफार ते जर्नलच आहे. पण त्याची सुरुवात लॅबमध्ये झाली नाही. उमरेडच्या पुढे माझ्या मामाचं वावर आहे, तिथे झाली. आणि त्यात मामाचं नुकसान झालं, तेही माझ्यामुळे. ते आधी सांगते, थिअरी मागून येईलच.

मी कॉन्व्हेंटची. (नागपुरात कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, तिथे नन असोत वा नसोत. माझ्या शाळेत होत्या!) त्यामुळे या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ रूममेटने दोनदा तपासले आहेत, तरी चुकले असतील तर सांभाळून घ्या. आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'स्प्रिंग' होता. बर्फ वितळतो, कोकरं उड्या मारतात आणि शेतकरी शीळ घालत शेत नांगरतो. वर्गाच्या खिडकीबाहेर मात्र फेब्रुवारीत कडुनिंबाची पानं गळत असत. त्यामुळे बरीच वर्षं माझी समजूत अशी होती की वसंतात पेरणी परदेशात होते, आपल्याकडे जूनमध्ये मृग लागला की होते, आणि मधल्या काळात मामा निवांत असतो.

मामा निवांत वगैरे काही नसतो. फेब्रुवारी-मार्च म्हणजे त्याच्याकडे सबमिशनचा आठवडाच. हरभरा सोंगायचा, गहू पिवळा पडत आलेला, पऱ्हाटी उपटून वावर मोकळं करायचं (ती उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो), ज्यांच्याकडे ओलीत आहे त्यांनी उन्हाळी भुईमूग, तीळ, मूग पेरायचा, आणि खरिपासाठी नांगरणीही याच काळात काढायची. ही सगळी कामं एकमेकांवर अवलंबून असतात, आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसलेलं असतं ते हवामान.

तर मी सेकंड इयरला असताना होळीच्या सुट्टीत मामाकडे गेले होते. चार एकरातला हरभरा निघाला होता आणि तिथे उन्हाळी मूग टाकायचा होता. मूग साठ-पासष्ट दिवसांत येतो. मार्चमध्ये टाकला तर मे संपायच्या आत पैसे हातात, आणि त्या पैशात खरिपाचं बियाणं. हा मामाचा दरवर्षीचा हिशोब. पेरणीआधी वावर ओलवावं लागतं. त्यासाठी रात्रीच्या लाइनवर दोन-तीन रात्री जागायची मामाची तयारी होती. तेवढ्यात अवकाळी पाऊस आला, चांगला तासभर. मामा खूश झाला. रात्रीचं जागरण वाचलं!

आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून हिशोब करून बघू. समजा २० मिलिमीटर पाऊस पडला. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकरी सुमारे ८१ घनमीटर पाणी, चार एकरांवर सव्वातीन लाख लिटर. दहा हजार लिटरचे ३२ टँकर. फुकट!

तिसऱ्या दिवशी सकाळी भाड्याने सांगितलेला ट्रॅक्टर दारात उभा. ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं, आज नाही तर मग दहा दिवस नंबर नाही. मी मोबाइलवर हवामान बघितलं. परवा पुन्हा ढग दाखवत होते. मी वावरात जाऊन आले. वरची माती पांढुरकी होऊन वाळलेली, चप्पलला काही चिकटत नव्हतं. मी लगेच मामाला सल्ला दिला, "मामा, करून घ्या आजच. परवा पाऊस आला तर आणखी आठ दिवस जातील."

आजी धुऱ्यावर उभी होती. ती म्हणाली, "नाई आला अजून वाफसा. दोन दिस थांबून जा."

"अगं आजी, वरून तर वाळलंय सगळं."

"वरून त तूबी शहाणी दिसतं."

एवढं बोलून ती खाली वाकली. वरची वाळलेली पापडी बोटाने बाजूला केली, खालची मूठभर माती घेतली आणि तळहातांवर वळली. बारीक, लांब, शेवईसारखी दोरी झाली. "हे पाह्य. शेवई वळून राहिली. असं असलं का औत नाई घालत वावरात."

मला हसू आलं. एकीकडे उपग्रहाचा अंदाज आणि दुसरीकडे शेवई! मामा दोघींच्या मध्ये अडकला, आणि शिकलेल्या भाचीचं ऐकलं.

दोन एकर झाल्यावर मामानेच हात वर करून ट्रॅक्टर थांबवला. नांगराच्या फाळामागून माती भुसभुशीत सुटायच्या ऐवजी साबणाच्या वडीसारखी चकचकीत पट्टी होऊन उलटत होती. मला तर ते छानच दिसत होतं, अगदी कापून ठेवल्यासारखं. पण मामाचा चेहरा उतरला. परवाचा पाऊस काही आला नाही. ऊन मात्र कडक पडलं आणि त्या चकचकीत पट्ट्या आठवड्याभरात विटा झाल्या. दोनदा रोटावेटर मारला, पैसे गेले आणि ढेकळांची फक्त लहान ढेकळं झाली. उरलेले दोन एकर मामाने पाच दिवसांनी शेजाऱ्यांची बैलजोडी आणून वखराने तयार केले. तिथे मूग ओळीत उगवला. माझ्या सल्ल्याच्या दोन एकरांत टक्कल पडल्यासारखा, इथे चार रोपं तर तिथे काहीच नाही. त्या वर्षी खरिपाचं निम्मं बियाणं मामाने उधारीवर आणलं. मला तो एका शब्दाने बोलला नाही. आईकडून कळलं.

आता थिअरी.

थर्ड इयरला सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये प्लास्टिक लिमिटचं प्रॅक्टिकल असतं. सिव्हिलवाल्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. ओली माती काचेवर तळहाताने वळायची, ३ मिलिमीटर जाडीची दोरी करायची. दोरी त्याहून बारीक वळली जात असेल तर माती जास्त ओली आहे. पुन्हा गोळा करायचा, पुन्हा वळायची, हाताच्या उबेने ओल कमी होत जाते. शेवटी अशी वेळ येते की ३ मिलिमीटरला येताच दोरीचे तुकडे पडतात. त्या वेळी मातीत जेवढं पाणी असेल तेवढी तिची प्लास्टिक लिमिट. सगळ्या बॅचला हा प्रकार अत्यंत कंटाळवाणा वाटत होता. मी मात्र काचेकडे बघत तशीच बसले. ही तर आजीची शेवई होती!

त्या रात्री पुस्तकात या प्रयोगाचा मूळ माणूस शोधला. आल्बर्ट अॅटरबर्ग, स्वीडनचा. आपण समजतो हे लिमिट्स धरणं-रस्तेवाल्यांनी शोधले. तसं नाही. अॅटरबर्ग शेतीशी संबंधित काम करणारा रसायनशास्त्रज्ञ होता, आणि चिकणमाती पाण्याबरोबर कशी वागते यावरचं त्याचं काम १९११ सालचं. पुढे टेर्झागी आणि कासाग्रांडे यांनी ते सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये आणलं. लिक्विड लिमिटची ती टकटक करणारी वाटी, २५ ठोक्यांत १२ मिलिमीटर खाच मिटली पाहिजे वगैरे, ती कासाग्रांडे यांची, १९३२ ची. म्हणजे हा विषय शेतातून लॅबमध्ये आला, आणि आम्ही तो शेतात परत न्यायचं विसरलो.

वाफसा म्हणजे नेमकं काय, ते आता सांगता येतं. माती प्लास्टिक लिमिटच्या वर ओली असली की ती मेणासारखी वागते. औजार लावलं की तुटत नाही, वाकते, घासते, दाबली जाते. तिच्यातल्या ज्या मोठ्या पोकळ्यांतून हवा आणि पाणी खेळतं, त्या लिंपल्यासारख्या बंद होतात. वाळल्यावर तिची वीट होते. आपण वीटभट्टीवरही दुसरं काय करतो? त्याच्या उलट, माती फार कोरडी झाली की दगडासारखी घट्ट. ट्रॅक्टर ओढतो, डिझेल जाळतो आणि डोक्याएवढे डिखळे काढतो. या दोन्हींच्या मध्ये, प्लास्टिक लिमिटच्या किंचित खाली, एक अवस्था असते. तिथे माती आपल्याच दाण्यांत फुटते, जराशा धक्क्याने भुसभुशीत होते. बियाण्याला मातीचा स्पर्शही मिळतो आणि श्वासही. तोच वाफसा. आजीच्या मते पाऊस पडून जमिनीतली वाफ निघून गेली की वाफसा, शब्दातच वाफ आहे. व्युत्पत्ती खरी की खोटी ते मराठीवाल्यांनी ठरवावं, भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तिचं म्हणणं बरोबर आहे.

कारण खरी गंमत पुढेच आहे. पाऊस पडल्यावर मातीतलं पाणी दोन वाटांनी जातं, काही खाली निचरा होऊन आणि काही वर वाफ होऊन. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत निचऱ्यानेच काम भागतं, एक-दोन दिवसांत औत घालता येतं. आपली काळी माती तशी नाही. ती दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून झाली आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून थिजलेल्या खडकाची ती माती. तिच्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. पत्त्यांच्या कॅटसारखे अतिसूक्ष्म थर, आणि पाणी त्या थरांच्या मधे शिरतं. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममध्ये सात-आठशे चौरस मीटर पृष्ठभाग असतो. आपल्या हॉस्टेलसमोरचं बॅडमिंटन कोर्ट सुमारे ८२ चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर मातीत नऊ कोर्ट! एवढ्या पृष्ठभागावर पाणी चिकटून बसलं की ते निचऱ्याने कसं जाणार? भारी काळ्या मातीत निचरा पूर्ण झाल्यावरही वजनाच्या तीस ते चाळीस टक्के पाणी उरतं, आणि तिची प्लास्टिक लिमिट पुस्तकांत साधारण वीस ते पस्तीसच्या दरम्यान दिलेली असते. याचा अर्थ असा की निचरा संपला तरी वाफसा येतोच असं नाही. उरलेलं काम ऊन आणि वारा करणार. म्हणून काळीला वाफसा उशिरा येतो, हे गावात कुणालाही विचारा.

आणि इथे मी फसले त्याचं कारण सापडतं. पावसानंतर पहिले एक-दोन दिवस ओल्या पृष्ठभागावरून पाणी भराभर उडतं. मग वरचा बोटभर थर वाळतो आणि तोच झाकणासारखा बसतो. खालची ओल त्यातून हळूहळूच बाहेर येते. वरून माती पांढरी दिसते, आणि नांगर जिथे चालणार तिथे, वीतभर खोल, ती अजून मेण असते. मी चपलेने पृष्ठभाग तपासला होता. आजीने पापडी काढून खालची माती घेतली होती. सॅम्पलिंगची चूक! व्हायवाला असं उत्तर दिलं असतं तर सरांनी उभंच केलं असतं.

एक विरोधाभासही सांगते. प्रॉक्टर टेस्ट आपल्याला माहीत आहे, १९३३ पासूनची. रस्त्याचा भराव जास्तीत जास्त घट्ट व्हायला मातीत किती पाणी हवं ते तीत काढतात. चिकणमातीत हे पाणी येतं प्लास्टिक लिमिटच्या आसपास, बहुधा थोडं खाली. म्हणजे रस्तेवाल्याची रोलर फिरवायची ओल आणि शेतकऱ्याची वखर चालवायची ओल जवळजवळ एकच! एकाला माती दाबायची आहे, दुसऱ्याला मोकळी करायची आहे. त्यामुळे वाफसा असला तरी दोन टनांचा ट्रॅक्टर वावरात उगाच चार फेऱ्या मारत असेल तर चाकाखाली रस्ताच तयार होतो. आणि वाफशाच्या आधीच घातला तर दाब आणखी खोल जातो, नांगराच्या तळाशी घट्ट थर बसतो आणि मुळं तिथे आडवी वळतात. मामाच्या त्या दोन एकरांत पुढच्या पावसाळ्यात पाणी साचत होतं, हे मी नंतर बघितलं.

गंमत म्हणजे हेच काम काही ठिकाणी मुद्दाम करतात. रामटेक-मौद्याकडे, भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत चिखलणी करतात ती कशासाठी? मातीची रचना मोडावी, पोकळ्या बंद व्हाव्यात आणि पाणी खाली झिरपू नये म्हणून. मी मामाच्या मुगाच्या वावरात रोवण्याची उत्तम तयारी करून दिली होती!

इथे कुणी म्हणेल, की उन्हाळी नांगरणीत मोठी ढेकळं निघतातच, ती उन्हात तापू द्यायची असतात. बरोबर आहे. खरिपासाठी नांगरत असाल तर ढेकळांचं फार भय नाही. काळी माती वाळताना आपोआप भेगाळते, आणि मृगाआधीच्या सरीत कोरडं ढेकूळ पाणी पिऊन विरघळतं. पण त्याला अडीच-तीन महिने हाताशी लागतात. नांगरल्यावर आठवड्याभरात मूग किंवा तीळ टाकायचा असेल तर ढेकळं विरघळायची वाट बघायला वेळच नसतो.

आता वसंताकडे येते. माझ्या इंग्रजी पुस्तकातला शेतकरीही शीळ घालत लगेच नांगरत नसणार, हे मला आता कळतं. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात बर्फ वितळून जमीन चिंब असते. तिथले शेतकरी एप्रिल-मेमध्ये हाच मुठीतला गोळा दाबून बघतात, आणि जमिनीचं तापमान १० अंश सेल्सिअसवर आलं का हेही मोजतात. त्यांच्याकडे ओल कधी उतरते याची वाट बघायची असते. आपल्याकडे नेहमीच्या वर्षी याच्या उलट, ओल पळून जाते याची भीती. नागपूरचं सरासरी कमाल तापमान जानेवारीत २९ च्या आसपास, फेब्रुवारीत ३२, मार्चमध्ये ३६-३७ आणि एप्रिलमध्ये ४० च्या वर. हवा कोरडी, दुपारचा वारा. जानेवारीत ओलीत केलेल्या वावरात वाफसा टिकून राहतो, मार्चअखेर तो आला आला म्हणेपर्यंत जातो. सकाळी शेवई वळत होती त्या वावरात दोन-तीन दिवसांनी ढेकूळ फुटत नाही. वाफशाची खिडकी उघडायला उशीर लागतो आणि बंद व्हायला नाही. त्यात ट्रॅक्टर एक आणि गावात गिऱ्हाईकं चाळीस. ट्रॅक्टरवाल्याचीही चूक नाही. सगळ्यांचा वाफसा एकाच दिवशी येतो.

अवकाळी येतो कुठून? भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात उत्तर भारतावरून जातात. कधी त्यांचा पट्टा मध्य भारतापर्यंत उतरतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट हवा आली, आणि खाली जमीन तापलेली असली, की दुपारनंतर उंचच उंच ढग चढतात. वरच्या थरात गोठण आणि खाली गारपीट. २०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात असं सलग झालं. विदर्भ-मराठवाड्यासह बहुतेक राज्यात गहू, हरभरा, संत्रा, द्राक्षं झोडपली गेली. त्यावर फार लिहीत नाही. गारेपुढे वाफसा वगैरे सगळं ज्ञान थिटं आहे.

गव्हाला मात्र गारेशिवायही हवामान मारतं, तेही आवाज न करता. नोव्हेंबरात पेरलेला गहू आपल्याकडे फेब्रुवारीत दाणे भरतो. तेव्हा थंडी लवकर गेली की झाड घाईने पिकतं आणि दाणा बारीक, चिरमटलेला राहतो. २०२२ चा मार्च सरासरी कमाल तापमानाच्या बाबतीत देशात १९०१ पासूनचा सर्वांत गरम ठरला, पंजाब-हरियाणाचा गहू घटला आणि १३ मे २०२२ ला सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. आपल्याकडे मार्चच्या मध्यापर्यंत बराच गहू निघालेला असतो, म्हणून आपल्याला मार्चपेक्षा फेब्रुवारीची धास्ती. आणि २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानात असाच १९०१ पासूनचा उच्चांकी होता. परीक्षेत शेवटचा अर्धा तास कुणी पेपर ओढून घ्यावा तसं गव्हाचं होतं.

उन्हाळी भुईमूग दोन्हीकडून अडकलेला. जमिनीचं तापमान साधारण १८ अंशांच्या वर गेल्याशिवाय बी धड उगवत नाही, गारठ्यात सडतं. म्हणून जानेवारीच्या मध्यानंतर थंडी ओसरू द्यायची. पण फेब्रुवारीच्या मध्यापलीकडे गेलात तर पीक ११०-१२० दिवसांचं, म्हणजे काढणी जूनच्या मध्यावर. नेमका तेव्हा पाऊस! शिवाय भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत शिरून तिथे शेंग धरतात. माती घट्ट असेल तर आरी वरच राहते. वाफसा सोडून पेरला तर शिक्षा उगवणीला एकदा आणि शेंगेला दुसऱ्यांदा.

काटोल-नरखेडच्या संत्र्याचं गणित आणखी वेगळं आहे. तिथे मुद्दाम पाणी तोडतात. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडायचं, की झाड फुलावर येतं. भारी जमिनीत ओल जास्त काळ टिकते, म्हणून ताणही जास्त दिवस लागतो (पुन्हा तीच नऊ बॅडमिंटन कोर्टं). ताण चालू असताना अवकाळी आला की ताण तुटतो, आणि झाड फुलाऐवजी पालवी काढतं. लांबून बाग हिरवीगार, बघणाऱ्याला वाटतं काय छान! मालक कपाळाला हात लावून बसलेला. फेब्रुवारीत गारपीट झाली तर मृग बहाराची तोडणीला आलेली फळंही जातात आणि आंबियाची फुलंही.

आपण नागपुरात राहतो म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. देशाच्या मातीचं सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय ब्युरोचं मुख्यालय इथे अमरावती रोडवर आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्थाही त्याच रोडवर, कापसाची वर्धा रोडला. आम्ही त्यांच्या फाटकांवरून शंभर वेळा गेलो असू, सिनेमाला. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. तो उपयोगी आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण पाऊस किती पडेल हे तो सांगेल, तुमच्या वावरात वीतभर खाली काय चाललंय हे कसं सांगणार? एकाच गावात नाल्याकाठची काळी आणि टेकडीवरची बरड यांच्या वाफशात चार-चार दिवसांचा फरक पडतो. आणि ढगाळ हवा राहिली तर वाफसा आणखी लांबतो. म्हणजे 'परवा ढग आहेत, आजच नांगरा' हा माझा सल्ला अंदाज बरोबर वाचूनही चुकीचाच होता. ढगांची भीती होती तर वखर दोन दिवस थांबवून बैलांनी वरवर चालवता आला असता. ते मामाला सुचलं होतं, मी बोलू दिलं नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी त्या दोन एकरांची आणि त्या दोन एकरांची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून आणली. लॅबच्या सरांनी परवानगी दिली, वर "फायनल इयर प्रोजेक्ट सापडलेलं दिसतंय" असंही म्हणाले. दोन्ही पिशव्यांची प्लास्टिक लिमिट जवळजवळ सारखीच आली, पुस्तकातल्या मर्यादेत. यायचीच होती. लिमिट मातीच्या जातीवर ठरते, तिच्यावर कुणाच्या भाचीने काय केलं यावर नाही. फरक बघायचा असेल तर न ढवळलेला नमुना कोअर कटरने काढून घनता मोजायला हवी. ते मार्चमध्ये करणार आहे.

फोनवर मामाला सगळं सांगितलं. शेवई, अॅटरबर्ग, ३ मिलिमीटर. म्हटलं, पुढच्या वेळी नांगरायच्या आधी माती पाठवा, मी नेमका आकडा काढून देते. मामाने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या लॅबमंदी किती टाइम लागते याले?"

"ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवावी लागते मामा. चोवीस तास."

"आन मंग माती उमरेडवरून नागपूरले येईन, तुही सुट्टी पाहून तू करशीन..." मामा हसायला लागला. "तवरोक वाफसा निंगून जाते न बाई."